भिलाईत, बर्फाशिवाय

भिलाईला बिअर प्यायला कोण जातं, असं मला पुण्यात तिघांनी विचारलं. तिसऱ्याने तर तिकीट अजून रद्द करता येईल याची आठवणही करून दिली. मी गेलो. परत येऊन आठवडा झाला आहे आणि माझं मत असं आहे की गडद, जाडसर, माल्टच्या चवीची स्कॉच एल आपल्या देशात ज्या थोड्या ठिकाणी नीट प्यायला मिळते, त्यांत भिलाईचं नाव घ्यावं लागेल. ज्यांना हे पटत नाही त्यांनी वाद घालण्याऐवजी भिलाईला लागून असलेल्या दुर्गचं तिकीट काढावं.

आधी थोडी माहिती. स्कॉच एल म्हणजे व्हिस्की नव्हे. ती बिअरच आहे, स्कॉटलंडच्या थंड मुलखातली. जवाला मोड आणायचे, ते वाळवून भाजायचे, भरडून गरम पाण्यात भिजवायचे आणि जो गोड काढा निघतो तो नेहमीच्या बिअरपेक्षा कितीतरी जास्त वेळ उकळायचा. साखर करपण्याच्या काठावर जाते, तिथेच या बिअरची चव तयार होते. कडवटपणा जेमतेम. आपल्याकडे बाळासाठी नाचणीला मोड आणून, वाळवून, भाजून सत्त्व करतात. तो भाजण्याचा वास ज्याने घेतला आहे त्याला माल्ट म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही.

मला हा पत्ता माल्ट विकणाऱ्या एका ओळखीच्या माणसाने दिला. "भिलाईत एक मुलगी आहे," तो म्हणाला, "ती जेवढा माल्ट एका टाकीत घालते तेवढ्यात दुसरा माणूस दोन टाक्या काढेल. वेडी आहे. माझा फायदा आहे, म्हणून मी बोलत नाही."

नेहरू नगर

भिलाईला एकच स्टेशन असेल असं मी गृहीत धरलं होतं. ते चूक निघालं. मी नको त्या स्टेशनवर उतरलो आणि ऑटोवाल्याने मला अर्धं शहर दाखवत नेहरू नगरला आणलं. रुंद रस्ते, दोन्ही बाजूंना जुनी झाडं, आणि वळणावळणावर दूर पोलादाच्या प्लांटच्या चिमण्या. होळी होऊन गेली होती. दुपारी चार वाजताही ऊन उतरलं नव्हतं.

हायवेला लागून एक इमारत आहे. तळमजल्यावर कोचिंग क्लास, वर ही बिअर बनवण्याची आणि पिण्याची जागा. जिना एकच. पाठीवर दप्तरं घेतलेली मुलं उतरत होती, मी चढत होतो. काढा उकळण्याच्या दिवशी वास खाली वर्गात जातो. मुलांनी त्या दिवसाला "हलवा डे" असं नाव ठेवलं आहे, हे मला नंतर कळलं. क्लासच्या सरांनी तक्रार केली होती. मुलांनी केली नव्हती.

मी स्कॉच एल मागितली. वेटरने फ्रीझरमधला मग आणला. बाहेरून पांढरा, बर्फाचा थर धरलेला. मी घोट घेतला. गार लागलं, थोडं गोड लागलं, बाकी काही नाही. पुण्यातले तिघे बरोबर होते की काय, असा विचार माझ्या मनात आला, आणि तेवढ्यात मग माझ्या हातातून काढून घेतला गेला.

काढून घेणारी बाई तिशीची असेल. पायात रबरी बूट, केस रुमालात बांधलेले. ती माझ्याशी बोलली नाही, वेटरशी बोलली.

"ये मग किसने दिया?"

"दीदी, सर बाहर से आए हैं. गरमी कितनी है."

"गरमी बाहर है. बिअर का क्या कसूर?"

मग तिने माझ्याकडे पाहिलं, मी मराठीतून काहीतरी पुटपुटलो ते तिच्या कानावर गेलं होतं. "तुम्ही फोन केल्ता तेच ना? मी प्रज्ञा. थांबा जी जरा. हे तुम्ही पिलं ते पिलं नाही समजा."

प्रज्ञा गजभिये इथली ब्रुअर आहे. म्हणजे जागा मनीष नावाच्या मालकाची, पण चारही टाक्यांत काय पडेल हे ती ठरवते. तीन टाक्यांत मालकाला हव्या तशा हलक्या बिअर. चौथीत स्कॉच एल. या एलसाठीचे ग्लास ती फ्रीझरमध्ये ठेवत नाही. नळाच्या पाण्याने भरलेल्या टबात बुडवून ठेवते. अशा एका ग्लासात, माठातल्या पाण्याइतकी गार, अशी ती बिअर माझ्यासमोर आली.

"आधी वास घ्या. घाई नाही आहे. पळून नाही जात ही."

रंग काळा वाटतो, पण ग्लास खिडकीकडे धरला की आत लाल दिसतो, जुन्या तांब्याच्या भांड्यासारखा. फेस बेताचा, बदामी. वास पहिल्यांदा काकवीचा येतो, मग खजुराचा, आणि त्यामागून भाजलेल्या धान्याचा. घोट जिभेवर जड बसतो. गोडी आधी येते आणि आता हे गुळचट होणार असं वाटतं, तेव्हा खालून कोरडा, खरपूस, किंचित कडसर शेवट येऊन ती गोडी थांबवतो. गिळल्यावर छातीत ऊब राहते. ग्लास जसा हातात तापतो तशी चव उघडत जाते. अर्ध्या ग्लासाला मनुका लागल्या, त्या पहिल्या घोटाला नव्हत्या. मगाशी मी जे प्यायलो होतो ते हेच होतं, फक्त बर्फाने त्याचं तोंड बांधलं होतं.

पुण्यात मी ज्या दोन ठिकाणी स्कॉच एल प्यायलो तिथे ती इतकी गोड होती की दुसरा ग्लास नको वाटला. इथे मी दुसरा मागितला.

शेजारच्या टेबलावर तीन जण बसले होते. त्यांतल्या एकाने हात वर केला. "मॅडम, स्कॉच है तो सोडा और बर्फ तो बनता है ना?"

"व्हिस्की में बनता है. ये बिअर है."

"अरे, पी तो मैं रहा हूँ."

"बनाई मैंने है, भैया. ठंडी चाहिए तो गेहूँ वाली लीजिए, एकदम चिल्ड. इसमें बर्फ नहीं पड़ेगी."

तो माणूस हसला, चिडला, पुन्हा हसला आणि गव्हाची बिअर घेतली. काउंटरमागून मनीष हे बघत होता. तो माझ्याकडे आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "बिकती कम है सर, झगड़ा ज़्यादा करवाती है." मग बंद का करत नाही, असं मी विचारलं. त्याने चौथ्या टाकीकडे बघितलं. "बंद करूँगा तो ये चली जाएगी. फिर बाकी तीन कौन बनाएगा?"

कढई

दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यावरच्या गाडीवर चिला खाल्ला. तांदळाच्या पिठाचं धिरडंच ते, पण पातळ आणि मऊ, सोबत टोमॅटोची तिखट चटणी. आपल्या धिरड्याला जी कुरकुरीत कड असते ती इथे कोणाला नको असते. मी कड मागितली तर गाडीवाल्या बाईने "जला के दूँ क्या?" असं विचारलं.

शनिवार होता, काढा उकळण्याचा दिवस. मोठ्या टाकीशेजारी एक रुंद, उथळ कढई होती. ती प्रज्ञाने दुर्गजवळच्या रसमड्याच्या एका वर्कशॉपमधून बनवून घेतली आहे. पहिला, सगळ्यात दाट काढा ती या कढईत घेते आणि आटवत राहते. बाकीचा मोठ्या टाकीत उकळतो. कढईतला काढा काकवीसारखा झाला की तो परत मोठ्या टाकीत ओतायचा. सगळी मेहनत या आटवण्यात आहे. ती उलथनं फिरवत होती, मी उभा होतो. कधीतरी थोडा पाक माझ्या बुटाजवळ सांडला. मी निघायला गेलो तेव्हा बूट फरशीवरच राहिला आणि पाय मोज्यासकट बाहेर आला. ती हसली नाही. तिने गरम पाण्याचा मग माझ्याकडे सरकवला, एवढंच.

"बेंगळुरूले होती मी चार वर्षं," ती म्हणाली. "तिथं सगळे म्हणे, हलकं बनव, हलकं विकते. हलकं तर कोणीही बनवते. मले जड बनवायचं होतं."

"मग इथे का आलात? इथे तर ते आणखी कमी विकतं."

"आई गेली. बाबा एकटे. बाबा म्हणे, तिथंच राह्य, माझी काळजी नको करू. मी म्हटलं, तुमचं नाही ऐकत." तिने पाकाचा थेंब बशीत टाकून बोटाने ओढून पाहिला. "आता म्हणतात, दुसरं काम पाहून घे. तेही नाही ऐकत."

तिचे वडील दादाराव गजभिये प्लांटच्या प्लेट मिलमधून निवृत्त झाले आहेत. त्यांचे वडील भंडाऱ्याहून इथे कामाला आले, तेव्हापासून कुटुंब भिलाईच्याच मरोदा भागात आहे. दादाराव मरोद्यातल्या बुद्ध विहारात दर रविवारी समोर बसून वंदना घेतात. ते एकेक शील म्हणतात, बाकीचे मागून म्हणतात. पाच शिलांतलं पाचवं मद्य आणि नशेच्या पदार्थांपासून दूर राहण्याचं आहे.

"बाबांनी कधी चाखली?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की प्रश्न परत घ्यावासा वाटला. "बाबा हात नाही लावत. चाखणार पण नाही. मी आणत पण नाही घरी."

"आणि तुम्ही विहारात जाता?"

"जाते ना. लहानपणापासून जाते. चार म्हणते." कढईखालचा गॅस तिने कमी केला. "पाचव्याले गप्प बसते. आधी कोणाच्या ध्यानात नाही यायचं. आता लोक कान देऊन ऐकून राहिले. आज संध्याकाळी विहारातले खोब्रागडे काका येणार आहेत घरी, त्याच्यासाठीच. तुम्ही या. पाहुणा असला की काका आवाज नाही चढवत."

निघताना तिने आटवलेल्या काढ्याची एक लहान बाटली भरून घेतली.

मरोदा

गजभियांचं घर दोन खोल्यांचं, पुढे अंगण, अंगणात कढीपत्ता. भिंतीवर प्रज्ञाच्या आईचा फोटो आणि त्याच्याशेजारी दुसरा एक: हेल्मेट घातलेली सहा माणसं, मागे पलंगापेक्षा रुंद अशी पोलादाची प्लेट. दादाराव दारातच उभे होते. उंच, ताठ, पांढरा सदरा. "जय भीम. या जी, बसा," म्हणाले.

जेवायला वांग्याची भाजी, वरण-भात, मिरचीचा ठेचा आणि चिला. मराठी घरात भाकरीच्या जागी चिला बघून मी विचारलं, तर दादाराव म्हणाले, "तीन पिढ्या झाल्या इथं. भाकर सणाले."

प्रज्ञाने बाटली उघडून पाक एका वाटीत ओतला. दादारावांनी वाटीकडे बोट केलं.

"यात नशा?"

"नाही बाबा. यीस्ट टाकायच्या आधीचं आहे. नुसता गोड काढा. नशा यीस्ट टाकल्यावर होते." मग माझ्याकडे वळून, "दर वेळी विचारतात."

"दर वेळी विचारीन," दादाराव म्हणाले. त्यांनी चिल्याचा तुकडा पाकात बुडवला, खाल्ला, आणि डोळे मिटून थोडं थांबले. "मागच्यापेक्षा जास्त आटवलं."

"हाव. थोडं जास्त."

"चांगलं लागते."

तिने वाटी त्यांच्याकडे सरकवली. ती जी बिअर बनवते तिच्याबद्दल या घरात एवढंच बोलणं होतं आणि दोघांनाही ते पुरत होतं, असं मला दिसलं.

खोब्रागडे आले ते हातात केळी घेऊन. विहार समितीचे अध्यक्ष, दादारावांच्याच मिलमधले, त्यांच्यापेक्षा दोन वर्षं आधी निवृत्त. मृदू बोलणारा माणूस. नको नको म्हणत जेवायला बसले आणि पाकाला चिला लावून खाऊ लागले.

"गूळ कुठला हा, बाई? लय मस्त आहे."

"माझ्या कढईतला, काका. तिथला."

खोब्रागडेंचा हात थांबला. घास तोंडात होता. तो गिळावा की नाही, हे त्यांना ठरवता येईना.

"घाबरू नका. यीस्टच्या आधीचं आहे. शील शाबूत आहे तुमचं."

त्यांनी घास गिळला आणि ताट थोडं लांब केलं. दादाराव खात राहिले.

मग खोब्रागडे मुद्द्यावर आले. "दादाराव, मले वाईट वाटते बोलताना. पण लोक विचारून राहिले. समोर बसून पाचवं शील देणाऱ्याच्याच घरात दारू बनवणारी पोरगी, अन् ती पाचवं म्हणत पण नाही. उद्या एक तर तिनं पाचही म्हणावं अन् हे काम सोडावं. नाहीतर तुम्ही समोर बसू नका. दुसरा कोणी घेईन वंदना."

दादाराव ताटाकडे बघत होते. गेली अकरा-बारा वर्षं ते त्या जागी बसत आहेत, हे प्रज्ञाने मला सकाळी सांगितलं होतं. तिची आई गेल्यावर ते घराबाहेर पडतात ते एवढ्याचसाठी, हेही.

"काम कावून सोडू, काका?" तिने विचारलं.

"बेटा, धम्मात सांगितलं आहे. उपासकानं पाच धंदे करू नये. नशेचा धंदा त्यात आहे. मी माझ्या मनचं नाही सांगून राहिलो."

"बाकीचे चार कोणते?"

"तुले माहीत आहे."

"मले आहे. पाहुण्यांले सांगा."

खोब्रागडे माझ्याकडे वळले आणि सरळपणे सांगू लागले. "शस्त्रं विकू नये, प्राणी विकू नये, मांस, नशा अन् विष."

"पहिलं कोणतं म्हटलं?"

"शस्त्रं."

प्रज्ञा उठली, भिंतीवरचा प्लेटचा फोटो काढला आणि त्यांच्या ताटाशेजारी ठेवला. "हे बाबा. हे तुम्ही. ही प्लेट लढाऊ जहाजाले गेली. जहाज पाण्यात उतरलं त्या दिवशी तुम्ही पूर्ण मोहल्ल्यात पेढे वाटले, काका. विहारात पण वाटले. मी होती, दोन घेतले."

"ते देशासाठी होतं."

"असन ना. मी वाईट नाही म्हणत. मी तर शाळेत सगळ्यांले सांगून आली होती, माझ्या बाबाची प्लेट आहे. आज पण सांगते. पण यादी वाचायची तर वरून वाचा. चौथ्या नंबरवरून कावून सुरू करता?"

खोब्रागडेंनी फोटो हातात घेतला. बराच वेळ पाहिला. पाहुणा होता म्हणून असेल किंवा दुसऱ्या कारणाने, त्यांचा आवाज चढला नाही. "बोलण्यात तू हुशार आहेस," ते म्हणाले. "पण उद्या लोक बोलणं नाही ऐकणार. पाचवं ऐकणार." हात धुऊन ते गेले. केळी ठेवून गेले.

प्रज्ञाने फोटो परत लावला. तिरपा लागला होता, दादारावांनी उठून सरळ केला. तिचा शेवटचा मुद्दा त्यांनाही लागू होता, फोटोत तेही होते. मी त्यांच्या चेहऱ्यावरून काही सांगू शकलो नाही. ते तिला म्हणाले, "उद्या वेळेवर उठ," आणि आतल्या खोलीत गेले.

विहार

विहार म्हणजे एक मोठी खोली, पांढरी, पंखे जोरात फिरणारे. पन्नासेक माणसं सतरंज्यांवर. मी दाराजवळ बसलो. मी शुक्रवारी संध्याकाळी काय प्यायलो होतो ते मला माहीत होतं, म्हणून मी एकही शील म्हणणार नव्हतो. प्रज्ञा दुसऱ्या रांगेत बसली, नेहमीच्या जागी. खोब्रागडे पहिल्या.

समोरची जागा रिकामी होती. दादाराव दाराशी चपला काढत होते. त्या त्यांनी एकीला एक लावून ठेवल्या, मधल्या वाटेने चालत गेले आणि समोर बसले. खोब्रागडेंकडे त्यांनी पाहिलं नाही.

पहिलं शील झालं. दुसरं, तिसरं. ते म्हणायचे, खोली म्हणायची. चौथ्याला मी प्रज्ञाचा आवाज वेगळा ऐकला, कारण ती इतरांपेक्षा मोठ्याने म्हणत होती. पाचवं दादारावांनी त्याच चालीत म्हटलं. खोलीने म्हटलं. ती गप्प होती. मान खाली नव्हती, हात जोडलेले, ओठ बंद. एवढ्या लोकांत एक आवाज कमी झाला तर तो कळू नये. पण सगळे तेवढंच ऐकायला बसले होते, म्हणून कळला.

वंदना संपली तरी कोणी उठेना. खोब्रागडे बसल्या जागेवरून म्हणाले, "दादाराव, पाचव्याले आवाज नाही आला."

"नाही आला." दादाराव समोरची मेणबत्ती सरळ करत होते. "चौथ्याले आला होता?"

"आला होता."

"चौथं काय आहे?"

पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईने उत्तर दिलं. "खोटं बोलू नये."

"ते तिनं घेतलं, सगळ्यांनी ऐकलं. ते घेतल्यावर पाचवं कसं म्हणन ती?" दादाराव उठले. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. "पुढच्या रविवारी मी इथंच बसीन. कोणाले मले उठवायचं असन तर समोर येऊन उठवा. घरी नका येऊ."

कोणी समोर आलं नाही. थोड्या वेळाने लोक सतरंज्या गुंडाळू लागले. खोब्रागडेंनीही एक टोक धरलं.

बाहेर अंगणात दादारावांनी मला थांबवलं. "तुम्ही लिहिणार आहात ना? मग हे पण लिहा. मी पाचही घेतले आहेत. तिच्या हातची बिअर मी मरेपर्यंत नाही पिणार."

प्रज्ञा चपला घालत होती. तिने मान वर केली नाही.

"नका पिऊ," ती म्हणाली. "पण कधी आलेच बाबा, तर थंड नका मागू. तुम्हाले पण नाही भेटणार."